अर्धा मिलिमीटर कोणी ठरवायचा?

पारदर्शक अलाइनरने, म्हणजे दातांवर चढवायच्या प्लास्टिकच्या काढता-घालता येणाऱ्या साच्यांनी, दात सरळ करणाऱ्या कोणत्याही मोठ्या प्रणालीत डॉक्टरांचे खाते उघडले की त्यांच्यापुढे एक लांबलचक प्रश्नावली येते. दातांना क्रमांक कोणत्या पद्धतीने द्यायचे, दातांवर चिकटवायचे अटॅचमेंट पहिल्या अलाइनरपासून हवेत की काही टप्प्यांनंतर, दोन दातांमध्ये घासून जागा करायची असेल तर ती केव्हा, वरचे पुढचे दात कडांनी एका ओळीत आणायचे की हिरडीच्या काठांनी, शेवटच्या दाढा हलवायच्या की आहेत तिथेच राहू द्यायच्या, असे अनेक रकाने त्यात असतात. प्रत्येक रकान्यात एक उत्तर आधीच निवडलेले असते आणि ते तसेच ठेवून पुढे जाता येते. एकदा भरलेली ही उत्तरे त्यानंतरच्या प्रत्येक नव्या रुग्णाच्या आराखड्याला आपोआप लागू होतात. मला या लेखात या प्रश्नावलीबद्दलच लिहायचे आहे, कारण अलाइनरच्या उपचारातला बराचसा वैद्यकीय विचार तिथे होतो, किंवा तिथेच तो व्हायचा राहून जातो, असे माझे मत आहे.

ज्यांनी हे उपचार घेतलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. रुग्णाच्या तोंडात एक छोटा स्कॅनर फिरवून दातांची त्रिमितीय प्रतिमा घेतली जाते, तिच्यासोबत छायाचित्रे आणि एक्स-रे जातात, आणि डॉक्टर त्या रुग्णापुरते एक उपचारपत्रक भरतात. हे सारे एका तंत्रज्ञाकडे पोहोचते, जो बहुधा दुसऱ्या शहरात आणि पुष्कळदा दुसऱ्या देशात बसलेला असतो. तो संगणकावर प्रत्येक दात सुटा करतो, त्याला अंतिम जागी नेऊन ठेवतो आणि आजच्या जागेपासून त्या जागेपर्यंतचे अंतर टप्प्यांत विभागतो. एका टप्प्यात दात साधारण पाव मिलिमीटर सरकतो किंवा सुमारे दोन अंश वळतो, आणि प्रत्येक टप्प्यासाठी एक अलाइनर तयार होतो. डॉक्टरांना पडद्यावर या सगळ्याची एक हलती प्रतिमा दिसते, ज्यात वेडेवाकडे दात काही सेकंदांत ओळीत येतात. रुग्ण ती पाहून हरखतो आणि त्याचा आनंद मी कधी कमी लेखत नाही. मात्र पडद्यावरचे दात हाडातून सरकत नसतात. त्यांची मुळेदेखील बहुतेक वेळा त्या रुग्णाची नसतात. सीबीसीटी स्कॅन (जबड्याचे हाड आणि मुळे दाखवणारा त्रिमितीय एक्स-रे) जोडलेला नसेल तर ती ठरावीक आकाराची, नमुन्यादाखल बसवलेली असतात. ज्याने आराखडा मांडला त्याने रुग्णाला कधी पाहिलेले नसते, त्याला बोलताना किंवा हसताना ऐकलेले नसते. म्हणून डॉक्टरांची कायमची म्हणून नोंदवलेली मते तंत्रज्ञाच्या खोलीत डॉक्टरांच्या वतीने बोलतात. ती मते नोंदवलेलीच नसतील तर दुसऱ्या कोणाची तरी मते बोलतात.

दात सुटे करून हव्या त्या जागी बसवून पाहण्याची कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेतल्या हॅरोल्ड केसलिंग यांनी १९४५ मध्ये अशा रीतीने प्लास्टरच्या साच्यावरचे दात सुटे करून मेणात बसवले आणि त्यावरून लवचीक रबराचे एक उपकरण बनवले. ब्रेसेस काढल्यावर उरलेल्या बारीक हालचाली त्याने पूर्ण व्हायच्या, आणि अशा उपकरणांची मालिका केली तर मोठ्या हालचालीही साधतील, हे त्यांनी तेव्हाच सुचवून ठेवले होते. पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात आम्हीही प्लास्टरचे दात बारीक करवतीने कापून मेणात बसवत असू. त्या कामात कोणत्याही दाताला आधीपासून ठरलेली जागा नसे. सुळा किती वळवायचा, उपदाढ किती बाहेर घ्यायची, हे करताना प्रत्येक वेळी हात थांबत, आणि त्या थांबण्यातच आमचे शिक्षण झाले.

१९९७ मध्ये झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ या स्टॅनफर्डमध्ये व्यवस्थापन शिकलेल्या दोघांनी अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली आणि केसलिंग यांच्या मालिकेला संगणकाची जोड दिली. दोघेही दंतवैद्य नव्हते. आराखडे मांडण्याचे काम सुरुवातीला लाहोरमध्ये होत असे, नंतर ते कोस्टा रिकाला गेले. काम असे दूर गेले तेव्हाच एक प्रश्न जन्माला आला: करवत हातात असलेला माणूस आणि निर्णयाची जबाबदारी असलेला माणूस वेगवेगळे असतील, तर जबाबदार माणसाचा विचार करवतीपर्यंत पोहोचवायचा कसा? प्रत्येक रुग्णाच्या वेळी तेच तेच लिहिण्याऐवजी डॉक्टरांनी आपल्या सवयी एकदाच नोंदवाव्यात, हे त्याचे उत्तर ठरले.

सगळ्यांत साधा रकाना क्रमांकांचा असतो, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. भारतात आपण बहुतेक ठिकाणी दोन अंकी आंतरराष्ट्रीय पद्धत वापरतो, जिच्यात १३ म्हणजे वरचा उजवा सुळा. अमेरिकेत रूढ असलेल्या १ ते ३२ या पद्धतीत १३ म्हणजे वरची डावी दुसरी उपदाढ. पडद्यावर एक पद्धत आणि केसपेपरवर दुसरी असेल, तर घासायची जागा किंवा अटॅचमेंट भलत्याच दातावर लिहिले जाण्याचा धोका खरा आहे. हा रकाना पहिल्याच दिवशी भरून टाकावा; त्यात चर्चेसारखे काही नाही.

पुढच्या दातांच्या ओळीचा रकाना मात्र असा चटकन भरता येत नाही. वरचे मधले दोन दात आणि त्यांच्या शेजारचे दोन लहान दात एका पातळीत आणायचे, की शेजारचे अर्धा मिलिमीटर वर ठेवायचे, की कडांचा विचार सोडून हिरडीचे काठ जुळवायचे, असे पर्याय तिथे असतात. अर्धा मिलिमीटर ऐकायला नगण्य वाटतो, पण चेहरा त्यावर बदलतो. शेजारचे दात किंचित वर असले की हसणारा माणूस तरुण दिसतो आणि कडांची रेघ खालच्या ओठाच्या वळणाला समांतर जाते. चारही दात एका सरळ पट्टीत आले की हसू सपाट दिसते. पण हा नियमही सर्वांना लागू नाही. रात्री दात खाणाऱ्या किंवा वर्षानुवर्षे सुपारी चावणाऱ्या माणसाच्या दातांच्या कडा झिजलेल्या असतात. झिजलेल्या कडा ओळीत आणायला गेले की हिरडीचे काठ खालीवर होतात, आणि जो हसताना हिरडी दाखवतो त्याच्या तोंडात तेच आधी दिसते. अशा रुग्णाचे हिरडीचे काठ जुळवून कडा नंतर कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरावाने, वाढवणे अधिक योग्य ठरते. कोण हसताना हिरडी दाखवतो हे स्कॅनमध्ये दिसत नाही. ते समोर बसून गप्पा मारताना, माणूस सावध नसताना दिसते. म्हणून मी कायमच्या पसंतीत शेजारचे दात अर्धा मिलिमीटर वर असे लिहून ठेवले आहे, आणि त्याच्याच खाली, झिजलेल्या कडा दिसल्यास मला विचारल्याशिवाय पातळी ठरवू नये, अशी सूचना जोडली आहे. आधीच निवडलेल्या उत्तराला असे अपवाद जोडता आले तर त्या रकान्याला अर्थ येतो.

याच दातांशी जोडलेला दुसरा प्रश्न आकाराचा आहे. वेन बोल्टन यांनी १९५८ मध्ये उत्तम जुळणारे ५५ दंतसंच मोजून दाखवले की खालच्या सहा पुढच्या दातांची एकूण रुंदी वरच्या सहांच्या ७७.२ टक्के असते. अनेक रुग्णांमध्ये वरचे शेजारचे दात नेहमीपेक्षा लहान असतात आणि हे प्रमाण बिघडते. मग एक तर खालच्या दातांमधून घासून जागा काढायची, नाही तर वरच्या लहान दातांभोवती मुद्दाम थोडी जागा सोडून ते कॉम्पोझिटने भरून मोठे करायचे. पहिल्या मार्गात दाताचे निरोगी इनॅमल कायमचे जाते, आणि दुसऱ्यात दर काही वर्षांनी दुरुस्ती करावी लागणारा भराव तोंडात येतो. दोन्ही मार्ग योग्य आहेत, पण निवड रुग्णाची आहे. माझ्याकडे कळवण आणि सुरगाण्याकडून एस.टी.ने येणारे रुग्ण आहेत. कॉम्पोझिटचा एक टवका उडाला तर त्यांचा पूर्ण दिवस जातो. नाशिक शहरात राहणारी, चार पावलांवर दवाखाना असलेली व्यक्ती वेगळा निर्णय घेऊ शकते. या रकान्यात मी कोणतेही कायमचे उत्तर भरलेले नाही. तंत्रज्ञाने दोन्ही आराखडे करून पाठवावेत, असे लिहिले आहे. त्याने काम वाढते आणि एकदा तर एका तंत्रज्ञाने नम्रपणे विचारलेही, की आपण आधीच एक का निवडत नाही. ज्यांच्या तोंडात ते होणार आहे त्यांना दोन्ही शेजारी शेजारी पाहायला मिळावेत, हे त्याला कळवले, आणि तेव्हापासून दोन्ही येतात.

दातांमधून घासण्याबद्दल मला अधिक सांगायचे आहे, कारण रुग्णांना सर्वांत जास्त भीती त्याचीच वाटते आणि आराखड्यात ते सर्वांत सहज लिहिले जाते. जॉन शेरिडन यांनी १९८५ मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली. आज बहुतेक जण एका जोडाला, म्हणजे दोन्ही दातांचे मिळून, अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहतात. पण किती घासायचे याइतकाच केव्हा घासायचे हा प्रश्न मोठा आहे. दात एकमेकांवर चढलेले असताना त्यांचा खरा जोड समोर येत नाही. तेव्हा घासायची पट्टी किंवा बर (ड्रिलचे फिरते टोक) लावला तर दाताची बाजू सोडून पुढचा पृष्ठभाग घासला जातो. म्हणून दात थोडे सुटे झाल्यावर घासावे असे वाटते. पण तोवर थांबायचे तर दातांना आधी बाहेर ढकलून जागा करावी लागते आणि नंतर घासून पुन्हा आत घ्यावे लागते. दात असा दोनदा फिरवला तर समोरचे पातळ हाड आणि त्यावरची पातळ हिरडी यांच्यावर ताण येतो. जाड हिरडीच्या तरुणाला ते सोसते. खालच्या पुढच्या दातांची मुळे हिरडीखाली जवळजवळ चाचपता येतात अशा चाळिशीतल्या बाईंना ते सोसेल याची खात्री देता येत नाही. म्हणून माझी कायमची सूचना अशी आहे, की घासणे शक्यतो दोन-तीन ठरावीक भेटींत एकत्र यावे, चढलेल्या जोडांवर पहिल्या टप्प्यात लिहू नये, आणि खालच्या पुढच्या दातांना बाहेर नेऊन परत आणायची वेळ आली तर आराखडा पुढे न नेता मला कळवावे. भेटी एकत्र आणण्यामागचे कारण पुन्हा तेच, एस.टी.चे वेळापत्रक. तंत्रज्ञाला ते माहीत असण्याचे कारण नाही, पण त्याच्या आराखड्यात ते दिसले पाहिजे.

अटॅचमेंट म्हणजे दातावर चिकटवलेले दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे, ज्यांना अलाइनर पकड घेतो. काही प्रणालींत ते विशिष्ट हालचालीची मर्यादा ओलांडली की आपोआप बसवले जातात. त्यांची वेळ बदलण्याचा रकाना असतो आणि तो आपल्याकडे फार उपयोगी आहे. साखरपुडा ठरलेली मुलगी आली की तिची आई हमखास विचारते, "डॉक्टर, फोटोत ते ठिपके दिसतील का हो?" मी सांगतो, "काकू, सुरुवातीचे काही आठवडे आपण ते न लावता चालू करू, साखरपुडा होऊ द्या." पहिल्या काही अलाइनरमध्ये ज्या हालचाली अटॅचमेंटवाचून होतात त्या आधी घ्यायच्या आणि वळणाच्या कठीण हालचाली नंतर, अशी मांडणी त्यासाठी मागावी लागते. नुसते अटॅचमेंट पुढे ढकलले आणि सुळा मात्र पहिल्या टप्प्यापासून वळत ठेवला, तर अलाइनर त्या दातावरून निसटू लागतो. हळदीचा पिवळा डाग कॉम्पोझिटवर आणि अलाइनरवर बसतो, हेही त्याच भेटीत सांगून टाकतो.

कोणता अलाइनर किती दिवस घालायचा, हेही असेच परिस्थितीवर ठरते. दिवसातून २० ते २२ तास अलाइनर तोंडात हवा असतो. आपल्या घरांत सकाळचा चहा, दहाचा चहा, चारचा चहा आणि पाहुणे आले की आणखी एक चहा असतो; प्रत्येक वेळी अलाइनर काढून, चूळ भरून, परत लावणारी माणसे थोडी. ज्यांच्या बाबतीत ते होणार नाही असे पहिल्या भेटीतच दिसते, त्यांना मी आठवड्याऐवजी दोन आठवड्यांचा टप्पा देतो. एका जबड्याचे अलाइनर आधी संपत असतील तर दुसऱ्याचे संपेपर्यंत त्यालाही हालचाल न करणारे अलाइनर मिळत राहावेत, हा रकाना मी न विसरता भरतो.

आता मला ज्याची सर्वांत जास्त काळजी वाटते त्याकडे येतो. पडद्यावर जे ठरवले ते तोंडात किती उतरते? २००९ मध्ये नील क्रॅविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३७ रुग्णांच्या पुढच्या दातांच्या ठरवलेल्या आणि प्रत्यक्ष झालेल्या हालचाली ताडून पाहिल्या. सरासरी अचूकता ४१ टक्के निघाली आणि दात हिरडीतून बाहेर ओढून लांब करण्याची हालचाल सर्वांत कमी, २९.६ टक्के. पुढे मटेरियल आणि अटॅचमेंट दोन्ही सुधारले, तेव्हा क्रॅविट्झ यांच्याच सहभागाने २०२० मध्ये झालेल्या मोजणीत सरासरी ५० टक्क्यांवर आली. हे आकडे वाचून अलाइनर निरुपयोगी ठरवणे चुकीचे होईल. उरलेले काम नव्या स्कॅनवरून मागवलेल्या पुढच्या अलाइनर-संचात होते आणि रुग्ण चांगल्या दातांनी घरी जातो. पण डॉक्टरांच्या पसंतीच्या यादीत या आकड्यांचे प्रतिबिंब असलेच पाहिजे. खोल चाव्याच्या, म्हणजे वरचे पुढचे दात खालच्यांना फार झाकतात अशा, रुग्णात पुढचे दात जितके हाडात जायला हवेत त्याहून अधिक आराखड्यात लिहावे लागतात. गोल आकाराच्या उपदाढा आणि सुळे वळवताना पकड निसटते, म्हणून तिथे अटॅचमेंट सक्तीचे आणि वळणाचा वेग कमी ठेवावा लागतो. शेवटी पुढच्या दातांतल्या फटी पक्क्या बंद व्हाव्यात म्हणून दात एकमेकांवर थोडे अधिक दाबणारे काही जादा अलाइनर मागता येतात. पण प्रत्येक दाताला सरसकट जास्त हलवणे मला पटत नाही. एखादा दात खरोखरच पूर्ण ऐकतो, आणि मग तो ठरवलेल्या जागेपलीकडे जाऊन बसतो.

ध्येयाचा प्रश्न यापेक्षाही खोल आहे. चेहऱ्याचे माप घेण्याच्या ज्या पद्धती आम्ही शिकलो, त्यांपैकी विल्यम डाउन्स यांची १९४८ मधली पद्धत उत्तम दात असलेल्या २० गोऱ्या अमेरिकन मुलामुलींच्या मोजमापांवर उभी आहे. आपल्याकडे अनेक कुटुंबांत वरचे आणि खालचे पुढचे दात मुळातच थोडे पुढे असतात आणि ओठ भरलेले असतात. काहींना ते मागे घ्यायचे असतात, त्यासाठी उपदाढा काढाव्या लागतात. तेव्हा अलाइनरमध्ये पुढचे दात आत झुकण्याची आणि दाढा मोकळ्या जागेकडे कलंडण्याची प्रवृत्ती असते, आणि आराखडा त्याला आधीच विरोध करणारा असावा लागतो. काहींना आपला चेहरा आहे तसाच आवडतो आणि फक्त एक वाकडा दात सरळ हवा असतो. ही इच्छा कोणत्याही रकान्यात भरता येत नाही. ती प्रत्येक वेळी नव्याने, रुग्णाच्या शब्दांत, उपचारपत्रकात लिहावी लागते.

यातून मी स्वतःसाठी एक विभागणी केली आहे. माझ्या हातांच्या सवयीशी, दवाखान्याच्या वेळापत्रकाशी आणि न बदलणाऱ्या सुरक्षा-मर्यादांशी ज्याचा संबंध आहे, ते कायमच्या पसंतीत जाते: क्रमांक, घासण्याची मर्यादा आणि वेळ, दोन्ही जबडे एकत्र संपणे, कोणत्या गोष्टीआधी मला विचारायचे. चेहरा, हिरडी, हाड आणि रुग्णाची इच्छा यांतून जे निघते ते फक्त त्या रुग्णाच्या पत्रकात. तंत्रज्ञाला लिहिताना मी विशेषणे वापरत नाही. "थोडा पुढे" असे न लिहिता "वरचा डावा मधला दात ०.५ मि.मी. पुढे" असे लिहितो, कारण थोडा म्हणजे किती हे त्याने ठरवावे असे मला वाटत नाही. पहिला आराखडा आला की मी आधी अंतिम जागा पाहतो आणि मगच तिथवरचे टप्पे. सुंदर चित्रफीत आधी पाहिली की डोळा तिच्याशी सहमत होऊ लागतो.

उपचार संपल्यावर अंतिम स्कॅन मूळ आराखड्यावर ठेवून दोन्हींतला फरक मी पाहतो आणि त्यावरून पसंतीची यादी वेळोवेळी बदलतो. हे काम कोणी मागत नाही आणि त्याचे शुल्क नसते, पण कोणत्या दाताने किती ऐकले हे मला दुसरीकडे कुठे कळत नाही. अशाच तुलनांमधून खालच्या उपदाढांच्या वळणाचा वेग माझ्या यादीत कमी झाला आणि पुढच्या दातांना हाडात नेण्याचे प्रमाण वाढले. खालच्या सुळ्याच्या बाबतीत मात्र मला अजून सूत्र सापडलेले नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांमध्ये तो पुष्कळदा आराखड्याप्रमाणे वळतो, चाळिशीच्या पुढे तोच दात अर्ध्यावर अडतो, आणि मधल्या वयात दोन्ही प्रकार दिसतात. त्यामुळे खालच्या सुळ्याच्या जादा वळणाचा रकाना मी सध्या कोरा ठेवला आहे. प्रत्येक रुग्णाच्या पत्रकात, त्याचे वय, दाताचा आकार आणि मुळाची लांबी पाहून, तो आकडा स्वतंत्रपणे लिहितो.